ते ९८० कुठून आलं?

बाईंना नमस्कार. मी तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. हे माझं तिसरं वर्ष. पटावर ऐंशी मुलं, प्रॅक्टिकलला वीस-वीसच्या चार बॅचेस आणि चालू स्थितीतली स्टॉपवॉचेस पाच. दिवाळीनंतर जर्नल्स तपासायला घेतली. सिंपल पेंड्युलमच्या (साध्या लंबकाच्या) प्रयोगात एका बॅचमधल्या वीसपैकी सतरा जणांचं g, म्हणजे गुरुत्वत्वरण, ९८० किंवा ९८१ (सेंमी/सेकंद²) आलेलं. एका मुलीच्या पानावर व्हाइटनर होता. उजेडासमोर धरलं तर खाली १०८४ दिसलं. वर तिनं ९७९ केलं होतं. मी तिला सगळ्यांसमोर रागावले. ती एवढंच म्हणाली, ‘मॅडम, ते ठेवलं असतं तर मार्क कापले असते ना.’ मला उत्तर सुचलं नाही, कारण मी कापलेच असते.

वर्गातही तीच गत. न्यूटनचा तिसरा नियम झोपेतून उठवून विचारला तरी म्हणून दाखवतात. पण ट्रक आणि सायकलची धडक झाली तर कोणावर जास्त जोर लागतो, असं विचारलं की सगळा वर्ग म्हणतो, सायकलवर. अर्धी मुलं शहरातल्या क्लासला जातात, त्यांना कॉलेजचं शिकवणं दुय्यम वाटतं. पोर्शन संपवायचा की प्रयोग नीट करायचे? दोन्ही जमत नाही. मी कुठे चुकतेय?
— एक शिक्षिका

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातला १०८४ वाचला आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. कारण हा आकडा उगाच आलेला वाटत नव्हता. आपल्याकडे g साधारण ९७८ च्या थोडं वर असतं. १०८४ ला ९७८ नं भागा, १.१०८ येतं. g च्या सूत्रात वेळेचा वर्ग येतो, म्हणून त्याचं वर्गमूळ घ्या, १.०५३. आणि वीस भागिले एकोणीसही १.०५३ च.

म्हणजे त्या मुलीनं वीस दोलनं (पूर्ण झोके) मोजली असं तिला वाटलं, प्रत्यक्षात मोजली एकोणीस. घड्याळाचं बटण दाबताना तिनं ‘एक’ म्हटलं असणार. ‘शून्य’ म्हणायला हवं होतं. जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये एक-दोन जण हे करतातच. आपण लहानपणापासून मोजायला एकपासून शिकलेलो, त्यामुळे तोंडातून ‘एक’ आपसूक निघतं. तिच्या ऑब्झर्वेशन टेबलमधल्या मूळ वेळा तिनं बदलल्या नसतील तर पाहा. १०० सेंटिमीटर लांबीला वीस दोलनांची वेळ ३८.२ सेकंदांच्या आसपास सापडेल. यायला हवी ४०.२.

आता बघा, त्या बॅचमध्ये खरोखर काही मोजलं असेल याचा पुरावा मला फक्त या मुलीच्या वहीत दिसतो. तिनं दोरा बांधला, घड्याळ लावलं, मोजलं, गणित केलं आणि आलेला आकडा लिहिला. चूक एकच, आणि ती सापडण्यासारखी. बाकीच्या सतरा जणांनी काय केलं ते तुम्हीच पत्रात लिहिलंय. रागावणं तिच्या वाट्याला आलं, याचं मला वाईट वाटलं. तुम्हालाही वाटलंय, नाहीतर पत्र लिहिलं नसतंत.

त्या सतरा जणांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे गणितच साक्ष देतं. हातानं घड्याळ दाबण्यात ०.२ सेकंदाची तरी चूक होतेच. वीस दोलनांच्या चाळीस सेकंदांत ०.२ म्हणजे अर्धा टक्का. g काढताना वेळेचा वर्ग होतो, म्हणून ती चूक एक टक्का होते. एक टक्का म्हणजे दहा. म्हणजे अगदी मन लावून काम करणाऱ्या बॅचची उत्तरं ९६५, ९८८, ९७१, ९९४ अशी पसरायला हवीत. सतरा जण एकाच आकड्यावर येऊन थांबणं या स्टॉपवॉचला शक्यच नाही. वीस उत्तरं ९६० ते १००० मध्ये विखुरलेली दिसली असती, तर मी म्हटलं असतं, ताई, तुमची लॅब उत्तम चालली आहे.

शिवाय ९८० हे आपल्या गावचं g नाहीच. पुस्तकात छापलेलं ९८०.६६५ हे प्रमाण मूल्य १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरवलं गेलं. ते साधारण ४५ अंश अक्षांशावरच्या समुद्रसपाटीचं आहे. आपण १६ ते २२ अंशांच्या पट्ट्यात राहतो. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि तिच्या फिरण्याचा परिणामही इकडे जास्त, म्हणून आपल्याकडे g थोडं कमी भरतं, ९७८.५ च्या आसपास. हा फरक साध्या स्टॉपवॉचनं पकडता येत नाही, पण मुलांना तो सांगायलाच हवा. ‘बरोबर उत्तर’ म्हणून जे आकडे ती जर्नलात उतरवतात, ते आपल्या मातीतले नाहीत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, कुठे चुकतेय. ताई, मुलं खोटं लिहितात कारण आपण त्यांना ज्याचं उत्तर आधीच छापलेलं आहे असाच प्रश्न देतो, आणि मग त्या छापील उत्तराजवळ किती आलात यावर मार्क देतो. अशा वेळी शहाणं मूल काय करेल? उत्तरावरून उलट गणित करत रीडिंगपर्यंत येईल. आमच्या वेळी आम्हीही तेच केलं. सीनियरचं जर्नल एका रात्रीसाठी मिळालं की सगळ्या वसतिगृहात फिरायचं. म्हणून मुलांना नीतीचे पाठ देऊन हे सुटणार नाही. प्रश्न बदलायला हवा, आणि मार्क कशाला ते बदलायला हवं.

मी स्वतः यात काय केलं तेही सांगते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. मीटर ब्रिजवर (तारेवर तोल साधून विजेचा रोध मोजायच्या साधनावर) एका मुलाचा अज्ञात रोध साडेचार ओहम आला. कॉइल पाच ओहमची होती. तो दोनदा म्हणाला, ‘बाई, बॉक्सचा एक प्लग हलतोय.’ मी म्हटलं, कारणं सांगू नकोस, नल पॉइंट (काटा शून्यावर येतो ती जागा) नीट घे. जर्नलवर लाल शेरा मारला, मार्क कापले. संध्याकाळी लॅब आवरताना सहज म्हणून मी तोच रेझिस्टन्स बॉक्स (ज्याचे प्लग काढून हवा तेवढा ज्ञात रोध घेतात) घेतला. पाच ओहमचा प्लग त्याच्या खाचेत खरंच सैल बसत होता, आणि पितळेवर काळा थर साचला होता. बारीक पॉलिश पेपरनं पुसून, दाबून, फिरवून बसवला आणि तोच प्रयोग पुन्हा केला. नल पॉइंट अडीच-तीन सेंटिमीटर सरकला, उत्तर पाच आलं. सैल प्लगमुळे बॉक्समधला रोध लिहिलेल्यापेक्षा अर्ध्या ओहमनं जास्त भरत होता. मुलाचं रीडिंग तंतोतंत खरं होतं. खोटा होता तो माझा शेरा. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्या जर्नलवरचा शेरा मी सगळ्यांसमोर खोडला, प्लगची हकिकत सांगितली आणि मार्क दिले. तुम्ही त्या मुलीच्या बाबतीत हे अजून करू शकता. फार उशीर झालेला नाही.

बोर्डाच्या ३० गुणांच्या प्रॅक्टिकलचं स्वरूप तुमच्या हातात नाही. वर्षभराच्या जर्नलवरची सही मात्र तुमच्याच हातात आहे, आणि तेवढ्यानं खूप बदलतं. रीडिंग कच्च्या वहीत, पेनानं, लॅबमध्येच घ्यायची. पेन्सिल नाही, व्हाइटनर तर लॅबच्या दारातच नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. तास संपताना तुम्ही त्या पानावर तारखेसह सही करायची, मग त्यावर काही बदल नाही. पक्क्या जर्नलात निकालाच्या खाली दोन ओळी सक्तीच्या ठेवा: माझं उत्तर छापील मूल्यापासून किती दूर आहे, आणि का असावं. मार्क या दोन ओळींना द्या. आकड्याला एकही नको. पहिल्या दिवशी हे वर्गात जाहीर करा, आणि दुसऱ्या प्रयोगाला खरोखर तसंच वागा. मुलं आपलं बोलणं ऐकत नाहीत, आपण मार्क कुठे देतो ते बघतात. १०८४ लिहून खाली ‘मोजताना बहुतेक एक दोलन कमी भरलं’ असं लिहिणाऱ्या मुलाला पैकीच्या पैकी, आणि ९८० च्या खाली ‘उत्तर बरोबर आले’ एवढंच लिहिणाऱ्याला निम्मे. एकदा असं झालं की बॅचभर बातमी पोहोचते.

पोर्शनची तुमची काळजी मला कळते. म्हणून सांगते, सगळे प्रयोग या पद्धतीनं करायला जाऊ नका. वर्षातून चार पुरेत. बाकीचे आज जसे होतात तसे होऊ देत. झेनर डायोडचा आलेख काढून सही झाली तर झाली, त्यावर जीव टाकू नका. चार प्रयोग असे निवडा, ज्यांत उत्तर आधी माहीत नाही किंवा माहीत असलेलं उत्तर थोडं चुकीचं आहे.

पेंड्युलमपासूनच सुरुवात करा, दोरा आणि बॉब (टांगायची गोळी) तुमच्याकडे आहेच. मुलांना सांगा, पुस्तक म्हणतं दोलनकाल झोक्याच्या कोनावर अवलंबून नाही. खरं का? एका गटानं १० अंशांवरून सोडायचं, दुसऱ्यानं ३० अंशांवरून. १०० सेंटिमीटरचा दोरा, वीस दोलनं. १० अंशांना ४०.२ सेकंदांच्या आसपास येईल, ३० अंशांना त्याहून अर्ध्या-पाऊण सेकंदानं जास्त. झोका हळूहळू मंदावतो म्हणून नेमका किती ते बॉबवर अवलंबून, पण फरक नक्की दिसेल. आता वर्गात वाद होऊ द्या. घड्याळ दाबण्याची चूक ०.२ सेकंद, फरक त्याच्या तिप्पट. मग हा फरक खरा की हाताचा? खात्री करायची तर किती वेळा मोजायला हवं? इथे पुस्तक खोटं पडत नाही. पुस्तकातलं सूत्र लहान कोनासाठी आहे, आणि ‘लहान’ म्हणजे किती हे मुलांनी स्वतः मोजून काढलेलं असतं. ही कल्पना माझी नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नताशा होम्स आणि कार्ल वीमन यांनी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना १० आणि २० अंशांची अशीच तुलना करायला लावली होती. पहिल्या मापात तो फरक दिसत नाही, इतका बारीक. म्हणून त्यांनी मुलांना सांगितलं, माप सुधारा आणि पुन्हा करा. २०१५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पुढच्या प्रयोगांत कोणी सांगितलं नाही तरीही ती मुलं आपलं माप पुन्हा तपासत राहिली. वीमन हे नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ, आणि त्यांनी लॅबमध्ये दोऱ्याला लटकवलेल्या गोळीवर इतकं डोकं घालावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याच लंबकात आणखी एक गंमत दडली आहे. मुलं दोऱ्याची लांबी मोजतात आणि बॉबची त्रिज्या मिळवायला विसरतात. मग दोलनकालाचा वर्ग T² आणि लांबी L यांचा आलेख काढला की रेषा सरळच येते, चढही बरोबर, फक्त ती आरंभबिंदूतून जात नाही. डावीकडे वाढवली तर ती L च्या अक्षावर शून्याच्या मागे एक सेंटिमीटरवर टेकते. तो एक सेंटिमीटर म्हणजे बॉबची त्रिज्या. ज्या व्हर्नियरनं आठवड्यापूर्वी बॉबचा व्यास मोजला होता त्याच्याशी जुळवून बघा म्हणावं. पण हे टिपायचं तर वीस दोलनं पुरत नाहीत, चूकही तेवढीच एक सेंटिमीटरची निघते. पन्नास घ्यावी लागतात. आणि पन्नास का, हा प्रश्न मुलांनी विचारला तर चुकीच्या गणिताचं प्रकरण वेगळं शिकवायची गरज उरत नाही.

स्टॉपवॉचेस पाच, तर चार-चार जणांचे पाच गट झाले. चौघांपैकी एक मोजणारा, एक घड्याळवाला, एक लिहिणारा आणि एक शंका काढणारा. चौथ्याचं काम फक्त ‘हे बरोबर कशावरून?’ विचारायचं. दर रीडिंगला कामं फिरवा. चार जणांची टोळी ही होशंगाबादची पद्धत. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा मिडल स्कूलमध्ये (सहावी ते आठवी) प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली, पुढे ते शेकडो शाळांत पोहोचलं. मुलं टोळीनं प्रयोग करायची, स्वतः निष्कर्ष काढायची आणि परीक्षेत पुस्तक उघडून बसायची, कारण परीक्षेत पाठांतर विचारलंच जायचं नाही. २००२ साली सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. मला त्याची आजही हळहळ वाटते. पुण्यात टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता त्या कामात गेले आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीचे आकार करू लागले. त्यांनी पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातल्या बालविज्ञान केंद्रात केलेली खेळणी मराठीतून समजावलेलीही आहेत. तुमच्या लॅबला साहित्याची चणचण असेल तर पहिली शोधाशोध तिथे करा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही डोकावा. ते केंद्र १९७४ पासून हेच काम करतंय.

आता ट्रक आणि सायकल. तुमची मुलं मठ्ठ नाहीत, ताई. त्यांनी सायकलचा चेंदामेंदा झालेला पाहिलाय, ट्रकला ओरखडाही नसतो. डोळ्यांनी पाहिलेल्याला पाठ केलेलं वाक्य हरवू शकत नाही. अमेरिकेत हार्वर्डला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझुर यांनाही १९९०च्या सुमारास हेच दिसलं होतं. त्यांची मुलं अवघड गणितं सोडवत, पण ट्रक आणि छोट्या गाडीच्या टकरीतल्या बलाचा साधा प्रश्न चुकत. मग त्यांनी व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न द्यायला सुरुवात केली. आधी प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं.

ऐंशीच्या वर्गात हे सहज जमतं. लॅबमधले दोन स्प्रिंगचे तराजू घ्या. आदल्या दिवशी दोन्हींना एकच वजन अडकवून सारखं दाखवतात ना ते तपासून ठेवा. वर्गात दोघांचे हूक एकमेकांत अडकवा. एक तराजू खिडकीच्या गजाला बांधा, दुसरा एका दणकट मुलाच्या हातात द्या. तो ओढणार आहे, गज नुसता उभा आहे. कुठला काटा जास्त दाखवेल? एक बोट म्हणजे मुलाचा, दोन बोटं म्हणजे गजाचा, तीन म्हणजे सारखे. बोटं छातीशी धरायची, शेजाऱ्याला दिसता कामा नयेत. बहुतेक एक बोट दिसेल. मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलू द्या, वर्गात गलका झाला तर होऊ द्या. पुन्हा बोटं. मग मुलाला ओढू द्या आणि दोन मुलींना पुढे बोलावून दोन्ही काटे मोठ्यानं वाचायला लावा. तो जोर वाढवेल, दोन्ही आकडे बरोबरीनं वाढतील. गज काहीच करत नाही असं ज्यांना वाटत होतं, त्यांचे चेहरे त्या क्षणी बघा. त्यानंतर ट्रककडे या: दोघांवरचं बल सारखंच, पण सायकलचं वस्तुमान कमी म्हणून तिचा वेग क्षणात बदलतो, शिवाय तिचा सांगाडा नाजूक, म्हणून चेंदामेंदा तिचाच होतो. सगळ्याला मिळून दहा-बारा मिनिटं. पोर्शनमधून एवढी काढता येतात, कारण हा भाग मग पुन्हा शिकवावा लागत नाही.

मात्र क्रम मोडू नका. आधी प्रयोग दाखवून मग ‘समजलं का?’ विचारलं तर सगळे हो म्हणतात. बोट आधी वर आलं पाहिजे. जो चुकीच्या बाजूनं उभा राहिलेला असतो, तोच काट्याकडे डोळे फाडून बघतो. लेन्झच्या नियमालाही (हलत्या चुंबकामुळे धातूत निर्माण झालेली वीज त्या चुंबकालाच अडवते) हेच करा. ताकदवान निओडिमियम चुंबक पडद्याच्या ॲल्युमिनियमच्या पाइपातून सोडा, आणि तेवढ्याच आकाराचा लोखंडी नट बाहेरून सोडा. मीटरभर उंचीवरून नट अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीवर, आणि चुंबक पाइपात रेंगाळतोय. पाइप घेताना चुंबक लावून बघा. चिकटला तर ते स्टील, चालणार नाही.

क्लासला जाणाऱ्या मुलांचं मनाला लावून घेऊ नका. सीईटी, नीट, जेईई त्यांच्या डोक्यावर आहे, घरच्यांनी फी भरलेली आहे. लॅबमध्ये उत्तर माहीत नसलेलं काहीतरी चाललंय हे कळलं की त्यांतली काही येतील. काही येणार नाहीत. येतील त्यांना शिकवा.

आणि मुलांना अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनची गोष्ट नक्की सांगा. इलेक्ट्रॉनचा प्रभार तेलाच्या थेंबांवरून त्यांनी मोजला, १९१३ साली आकडा प्रसिद्ध केला, आजच्या भाषेत १.५९२ × १०⁻¹⁹ कूलोम. आजचं मूल्य १.६०२. त्यांनी हवेच्या विष्यंदितेचा, म्हणजे चिकटपणाचा, आकडा थोडा चुकीचा घेतला होता. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या पदवीदान समारंभात त्यापुढचं सांगितलं. नंतर मोजणाऱ्यांना खरा आकडा एकदम सापडला नाही, प्रत्येकाचा आधीच्यापेक्षा थोडासाच वर सरकत गेला. आपलं उत्तर मिलिकनपेक्षा फार वेगळं आलं की लोक आपल्याच चुका शोधायचे, जवळ आलं की शोधायचे नाहीत. तुमच्या बॅचमधल्या सतरा जणांना हे सांगितलंत तर त्यांना कमी लेखल्यासारखं वाटणार नाही. मोठमोठ्या लोकांचाही तोल तिथेच जातो, हे त्यांना कळेल.

आता त्या मुलीला काय सांगायचं. काहीच सांगू नका. पुढच्या प्रॅक्टिकलला तिला बोलवा, आधी ‘त्या दिवशी मी चुकले’ असं सगळ्यांसमोर म्हणा, आणि तिच्या हातात दोरा द्या. तिला तिच्या नेहमीच्या पद्धतीनं दहा, वीस आणि तीस दोलनांच्या वेळा घ्यायला सांगा. १०० सेंटिमीटरला तिच्या वहीत साधारण १८.१, ३८.२, ५८.२ असे आकडे येतील. दहा ते वीस या दहा दोलनांना वीस सेकंद लागले, वीस ते तीसलाही वीस, मग पहिल्या दहांना अठराच कसे? आडव्या अक्षावर मोजलेली दोलनं, उभ्यावर वेळ, असा आलेख तिला काढू द्या. ती रेषा खाली येत येत शून्यावर टेकणार नाही, एकवर टेकेल. तुम्ही त्या वेळी दुसऱ्या टेबलापाशी असा. ती मान वर करून ‘मॅडम’ म्हणेपर्यंत तिकडे जाऊ नका. आणि नंतर तिच्या जर्नलात त्या व्हाइटनरच्या खाली ती काय लिहिते, ते मला पत्रानं कळवा. मी वाट बघते.

तुमची,
बाई